सोयाच्या रश्शात नळी नसते

आबांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना एकट्यांनाच वेगळं ताट नको, म्हणून मी सगळ्या घराचंच मटण बंद केलं. दोन दिवसांत अख्ख्या निरगुडसरला कळलं. "अश्विनीनं सासऱ्याला गवतावर आणला," असं शेजारची रत्ना म्हणाली, ते मी अजून विसरलेले नाही.

पण मीही हट्टी आहे. मंचरहून सोयाबीनच्या वड्या आणल्या. भिजवून घट्ट पिळल्या, खोबरं-कांदा चुलीवर भाजला, काळा मसाला हात न राखता घातला. तर्री अशी आली की आमच्या यांनी दोनदा वाढून घेतलं. आबा मात्र चार घास खाऊन थांबले. "चव लई झ्याक हाय, पोरी," म्हणाले आणि उठले. पाच रविवार हेच चाललं. एवढ्या गोळ्या घेणाऱ्या माणसानं अर्धपोटी उठायचं म्हणजे काय! वजन तर उतरतच चाललं होतं.

सहाव्या रविवारी मी त्यांच्या समोरच ठाण मांडलं. आमच्याकडे आधी पुरुष जेवतात आणि आई, माझ्या सासूबाई, अजूनही आबांच्याच ताटात मागून बसतात. आबा बोटानं रस्सा चाळवत होते.

"आबा, काय शोधताय?" माझा आवाज चढलाच.

ते ओशाळले. "नळी बघत व्हतो."

"नळी? डॉक्टर काय म्हणालेत?"

"मला न्हाई गं. तिला." त्यांनी चुलीकडं पाहिलं. "आमचं लगीन झालं तवा घरात सुनांना नुसता रस्सा मिळायचा. मग मी माज्या वाटची नळी भाकरीखाली ठिवून उठायचो. चाळीस वर्सं ठिवली. आता ती माज्या ताटात बसती आन भाकरीखाली कायबी नसतं. मला गिळवत न्हाई बघ."

माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

आई चुलीपाशी तशाच बसून होत्या, हातातली भाकरी थापायची थांबली होती. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि आबांच्या शेजारी बसवलं. पुढ्यात त्यांचं स्वतःचं ताट वाढलं.

"अगं, मला सवय न्हाई अशी," त्या लाजल्या.

आबांनी आपल्या ताटातली सगळ्यात मोठी वडी उचलली आणि आईंच्या भाकरीखाली सारली.

आईंनी भाकरी उचलून पाहिली. ती वडी चिमटीत धरून त्यांनी ताटाच्या काठावर ठकठक आपटली, आतला मगज काढायला नळी आपटतात तशी.

"अवं, ह्यातनं काय निघंना की!"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत त्यांनी भाकरी मोडली.

"पोरी," ते म्हणाले, "रस्सा वाढ."