द्राक्षांवरचा धूर

कुडपणच्या राहीबाईला आपल्या हैबतीची लाज वाटे. मुंबईला गेलेली इतरांची पोरं पितळेची भांडी नाहीतर आयांना लुगडी घेऊन येत. हा आला तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काटक्या घेऊन. तिकडे एका गोऱ्या पाद्र्याच्या बागेत राबून हा द्राक्षाची पांढरी दारू करायला शिकला होता. माथ्यालगतच्या ज्या उतारावर बापजाद्यांनी नाचणी पिकवली, तिथे त्याने त्या काटक्या रोवून द्राक्षवेली लावल्या. पाद्र्याच्या ओळखीने सरकारी परवानाही आणला.

पहिल्या घडांची जेमतेम बाटलीभर दारू झाली. हैबतीने घोट तोंडात घोळवला, डोळे मिटून चव पारखली आणि पाद्र्याने शिकवलं होतं तसा थुंकून टाकला.

"थुंकायचंच तर पान खा की रे," राहीबाई म्हणाली. "त्याला पाद्री कशाला पायजे?"

जमीन तिच्या ताब्यात होती. तिने बजावलं, पुढची दारू महाबळेश्वरच्या हॉटेलातल्या साहेबाने घेतली तर वेली राहतील, नाहीतर तिथे पुन्हा नाचणी.

फाल्गुनात घड पिकले आणि राब भाजायची वेळही तेव्हाच आली. वेलींच्या खालच्या खाचरात राहीबाई दरसाल शेण, टाहाळ, पाला पसरून पेटवी. भाजलेल्या मातीत भाताचं रोप जोमाने येतं. घड उतरेपर्यंत थांब, नाहीतर ओढ्याकाठी भाज, असं हैबतीने हात जोडून विनवलं.

"तुझ्या द्राक्षांना ठसका लागंल म्हणून मी भात उपाशी ठेवू?" म्हणत तिने काडी लावली.

धूर उतार चढून गेला आणि वेलींत बसून राहिला.

त्या घडांची दारू मुरली, आणि दसरा झाल्यावर मायलेक घाट चढून हॉटेलात गेले. बाटल्यांची पाटी राहीबाईच्या डोक्यावर होती. पोराची फजिती तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. साहेबाने ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला आणि तोही थुंकला. शहाणी माणसं सारखीच, असं तिच्या मनात आलं. साहेब बराच वेळ इंग्रजीत बोलला. मग त्याच्या बटलरने, राहीबाईच्या नात्यातल्या गोमाजीने, सांगितलं, "साहेब म्हणतो, माल अव्वल हाय. असा इकडं कुठं चाखला नाय. पन यात कुनीतरी चूल पेटवलीय. धूर नसता तर सगळा घेतला असता."

घाट उतरताना बाटल्यांची पाटी हैबतीने स्वतःच्या डोक्यावर घेतली. आईला दोष दिला नाही, आणि तेच तिला सोसेना. घरी येताच त्याने वळचणीचा कोयता काढला.

"ठेव तो," राहीबाई म्हणाली. "आधी जेव. वेली काय पळून नाय चालल्या."

पुढच्या फाल्गुनात तिने शेणाच्या पाट्या खाली ओढ्याकाठी वाहिल्या. शेजारच्या ठकूबाईने विचारलं, वेलींखालचं खाचर का गो सोडलंस?

"तिथली माती माजलीय," राहीबाई म्हणाली. "आणि त्या आंबलेल्या पाण्याचं नाव माझ्यापुढं काढू नको."