सातव्या जनावराचा पाय

खाणीत तिला सगळे ड्रिलवाली म्हणत. सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायचं काम अकरा वर्षं तिच्याकडे होतं. त्या दिवशी पठारावरची माती ओढून झाल्यावर तिने मशीन लावलं, चालू केलं आणि लगेच बंद केलं. खडकावर जनावरं कोरलेली होती. शिंगांची, एकामागून एक नऊ, आणि त्यांच्या मागे हात वर केलेला एक माणूस.

मुकादमाने वर कळवलं. दोन दिवसांनी सरकारी तज्ज्ञ आले, बुटाच्या टोकाने एक रेघ खरवडली आणि म्हणाले, "पाण्याने झिजलंय. असं पुष्कळ ठिकाणी होतं." पाच मिनिटांत कागदावर सही झाली. सुरुंग दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचं ठरलं.

संध्याकाळी ती आत्याला घेऊन पठारावर गेली. आत्याचा सगळा जन्म दगड घडवण्यात गेला होता. हिला छिन्नी धरायला तिनेच शिकवलं होतं. गुडघ्यांना शिव्या घालत आत्या वर पोचली आणि खडकाला गाल लावून तिरप्या उन्हात बघत पडून राहिली.

"लोखंड नाही हे. दगडाने दगड ठेचलाय."

"म्हणजे फार जुनं?"

"मला काय विचारतेस, मी होते का तेव्हा? पण हे बघ." आत्याने सातव्या जनावराच्या मागच्या पायावर बोट ठेवलं. "इथे हात चुकलाय. पाय फार पुढे गेला. मग तो घासून पुसायला बघितलाय आणि मागे नवा काढलाय. पाणी कशाला खाडाखोड करेल गं?"

सकाळी ड्रिलवाली मशीनकडे फिरकलीच नाही. सरळ जाऊन खडकावर बसली.

"उठ," मुकादम म्हणाला. "साहेबांची सही झालीय."

"सही त्यांनी केली. भोकं मी पाडायची, आणि मी पाडणार नाही."

"दुसरा माणूस आणतो."

"आण की. त्याला सांग, मशीन माझ्यावरून ने."

शेवटी तज्ज्ञांनाच बोलवावं लागलं. ते तावातावाने आले. ती जागची हलली नाही.

"साहेब, आडवे व्हा. उभ्याने दिसत नाही."

साहेबांनी आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं.

"माझे गुडघे वाकले," आत्या मागून म्हणाली, "तुमचे काय काचेचे आहेत?"

कामगार खो खो हसले. साहेब लाल झाले. पण वाकले, मग पालथे पडले. तिने दाखवलेला चुकलेला पाय त्यांनी बोटाने चाचपला, मग मागचा नवा. उठले तेव्हा मुकादमाला एवढंच म्हणाले, "काम थांबवा."

पठार वाचलं. आडमुठेपणाचा ठपका ठेवून ड्रिलवालीला मात्र कामावरून काढलं. ती आता दुसऱ्या खाणीत जाते. पठारावर कुंपण आलं, पाटी लागली: 'शिकारीचे दृश्य', आणि खाली शोधकर्ते म्हणून साहेबांचं नाव.

नाव गेलं त्याचं तिला फारसं वाटलं नाही. 'शिकार' हा शब्द मात्र तिला सहन होईना. सुट्टीच्या दिवशी ती कुंपणापाशी उभी राहते आणि बघायला आलेल्यांना विचारते, "त्या माणसाच्या हातात काय दिसतंय? भाला? धनुष्य? काहीच नाही ना? मग शिकारी कसला? जनावरं घरी वळवतोय तो."

"बाई, पाटीवर लिहिलंय तेच सांगायचं," पहारेकरी दर वेळी बजावतो.

"पाटी तुम्ही वाचून दाखवा," ती म्हणते, आणि पुढच्या माणसाला हाक मारते.