पहिली फेरी

दादाने चार बोटं लांबीची तार बटणाच्या मागच्या स्क्रूखाली सरकवली, स्क्रू आवळला, आणि शेडच्या दाराशी मास्तरांच्या चपला वाजताच पॅनेल घाईघाईने बंद करून टाकलं. तीस वर्षांत त्याने घाईने काहीही बंद केलं नव्हतं.

“झालं?” मास्तरांनी विचारलं.

“झालं.”

“लावून बघू?”

“नाव तुमची, मला काय विचारता?”

मास्तरांनी ‘पंप’ लिहिलेलं बटण दाबलं. नावेच्या तळातून मांजर घुरघुरल्यासारखा आवाज आला आणि पॅनेलवर वाटाण्याएवढा हिरवा दिवा लागला. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. घरात मूल जन्मावं तसे.

“दादा, तुम्ही म्हणजे जादूगार आहात हो!”

दादाने पेचकस फडक्याने पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

नाव तशी लहानच होती, पाच पावलांत संपायची. पण शेड तिच्याहूनही लहान. त्यामुळे तिचं नाक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलं होतं आणि दादाची बहीण, धाकटी, त्यावर भांडी पुसायची फडकी वाळत घालत असे. मास्तर हे धाकटीचे यजमान. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी सहा वर्षं खपून ही शिडाची नाव बांधली. लाकडाला ते कुणाला हात लावू देत नसत, आणि विजेला ते स्वतः हात लावत नसत. म्हणून एक बॅटरी, आठ बटणं, आठ फ्यूज आणि त्यांच्या मागचं तारांचं जंजाळ एवढं सगळं दादाकडे आलं.

दादाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या कामात त्याचं नाव होतं. थापा मारण्यात त्याहून मोठं. त्याच्या सांगण्याप्रमाणे, एकदा गच्चीवर कोसळलेली वीज त्याने काचेच्या बरणीत पकडली आणि तिच्यावर तीन महिने रेडिओ चालवला. वीज उतरत आली तेव्हा रेडिओवर फक्त कालच्याच बातम्या लागायला लागल्या. एका लिफ्टला चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर जायला इतका वेळ लागला की आत गेलेला नवरदेव टक्कल घेऊनच बाहेर आला. लोक हसत, आणखी सांगा म्हणत, आणि लिफ्ट बिघडली की त्यालाच बोलावत. कारण तारेच्या बाबतीत दादा कधी खोटं बोलला नव्हता. दुरुस्ती झाली की पहिली फेरी तो स्वतः मारायचा, एकट्याने, तळापासून गच्चीपर्यंत. मगच दुसऱ्याला आत घ्यायचा. लिफ्टवाल्यांच्या कामातला तो शिरस्ताच होता.

आणि आता ही चार बोटं तार.

खरं तर त्या दिव्यासाठी, तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाकडून उलट येणारी तिसरी तार हवी होती. पंपापर्यंत वीज पोचली तरच दिवा लागेल, अशी. ती तार तळाच्या नळीतून ओढायची राहून गेली. तारा ओढल्या त्या गुरुवारी दादा मास्तरांना बरणीतल्या विजेची गोष्ट सांगत होता. बरणीचं झाकण उडालं त्या ठिकाणी तो इतका रंगला, की दोनच तारा ओढून त्याने नळी बुजवली. चूक लक्षात आली तोवर मास्तरांनी नळीवर फळ्या चिकटवून त्यांना व्हार्निशचे अकरा हात दिले होते. फळ्या आरशासारख्या झाल्या होत्या. मास्तर जाता-येता वाकून त्यांत आपल्या मिशा बघत. त्या उखडा म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून दिवा बटणालाच जोडला. आता बटण दाबलं की दिवा लागणार; पंप चालो, बंद पडो, नाहीतर कुणी चोरून नेवो.

पंप बहुधा चालेलच, असं दादा स्वतःला सांगे. पण पंपाजवळचा सांधाही त्याने पालथं पडून, हात लांबवून, न बघता केला होता. कोरड्या शेडमध्ये तो टिकला होता. ओलाव्याचं काय, ते त्याच्या बोटांना माहीत होतं आणि बोटं गप्प बसत नव्हती. नव्या नावेत पहिले काही दिवस पाणी झिरपतंच, लाकूड फुगलं की थांबतं, असं मास्तरच सांगत होते. धाकटीला पोहता येत नव्हतं.

नाव पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चहाला बसले असताना दादा एकदम म्हणाला,

“मास्तर, तो दिवा खोटा आहे.”

धाकटी कप विसळत होती. नळाचा आवाज थांबला.

“म्हणजे?” मास्तर म्हणाले. त्यांच्या मिशांच्या टोकाला हसू येऊन थांबलं होतं, दादा बोलायला लागला की यायचं तसं.

आता फक्त दुसरं वाक्य बोलायचं होतं. नळीत तार नाही, एवढंच. दादाने खिडकीतून नावेकडे पाहिलं. फळ्यांवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. आणि इतकी वर्षं एकाच वळणाला लागलेली त्याची जीभ आपोआप घसरली.

“म्हणजे त्याची आई दीपगृहात नोकरीला होती. बाळाला लहानपणापासून एकच शिकवण: जहाज बुडो की तरो, आपण लागायचं.”

मास्तर इतके हसले की चहा नाकात गेला. दादाही हसला. त्या हसण्याची त्याला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

धाकटीने नळ पुन्हा सुरू केला.

सकाळी चौघा शेजाऱ्यांनी गाडीवरून नाव धक्क्यावर आणली आणि पाण्यात सोडली. मास्तर आणि धाकटी आत बसले, मास्तरांनी शीड उभारलं. दादा काठावरच थांबणार, हे सहा महिन्यांपूर्वीच ठरलेलं. पाणी गुडघ्यावर गेलं की आपण कितव्या मजल्यावर आहोत ते कळत नाही, असं तो म्हणायचा, आणि ही थाप नव्हती.

पण दोर सोडायच्या वेळी तो पायऱ्या उतरून आला. हातात बादली होती.

“अहो, तुम्ही कुठं?” मास्तर म्हणाले.

“पहिली फेरी माझी.”

“ही लिफ्ट नाही, दादा.”

“ही तर लिफ्टहून वाईट. हिला थांबायला मजलेसुद्धा नाहीत.” त्याने दोन्ही हातांनी नावेचा काठ धरून एक पाय आत टाकला. “धाकटे, तू उतर. पुढच्या फेरीला ये.”

“मी नाही उतरत,” धाकटी म्हणाली. मांडीवर कापडी पिशवी घेऊन ती नीट बसली होती.

“आणि बादली कशाला?” मास्तरांनी विचारलं.

“उलटी झाली तर.”

काठावरचे शेजारी हसले. नाव निघाली.

वारा चांगला होता. शीड फडफडलं, भरलं, आणि मास्तरांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. दादा मधल्या फळ्यांवर बसून समोर बघत होता, पण डोळ्यांनी काहीच बघत नव्हता. अर्ध्या तासाने त्याच्या पायाच्या बोटांना गार लागलं.

“आलं बघा पाणी! म्हटलं नव्हतं?” मास्तर आनंदाने म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

“चालू!”

वाऱ्याच्या आणि शिडाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. दादाने तळहात तिसऱ्या फळीवर टेकला. तिच्या खाली पंप होता. काहीतरी थरथरत होतं, पण पंप की लाटा, ते त्याला कळेना. त्याने हात तसाच ठेवला. पाणी घोट्यापाशी आलं.

धाकटीने पिशवीतून घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि मांडीवर ठेवलं.

दादा तिच्याकडे बघत राहिला.

“काल तू एक वाक्य बोललास,” ती हळू म्हणाली. “एका वाक्याची थाप तू आयुष्यात मारली नाहीस. पुढचं मी ऐकलंच नाही.”

“मग आलीस कशाला?”

“तुला पोहता येतं?”

लहानपणी त्याच्या हातून चुकून तिचं बोट दारात चिरडलं होतं, तेव्हाही तिने घरात सांगितलं नव्हतं.

“मास्तर,” दादा म्हणाला, “नाव वळवा.”

“का? लागलं का पोटात ढवळायला?”

“वळवा तुम्ही.”

मास्तरांनी सुकाणू दाबलं. नाव वाऱ्याला तोंड देत वळली, शीड सैल पडलं आणि क्षणभर सगळीकडे शांत झालं. दादाने हात लांब करून पंपाचं बटण बंद केलं.

हिरवा दिवा विझला. आवाज कुठलाच थांबला नाही, कारण पंपाचा आवाज मुळात नव्हताच.

मास्तरांनी पॅनेलकडे पाहिलं. मग पातेल्याकडे, मग बादलीकडे. मिशांच्या टोकाला आलेलं हसू तिथेच राहिलं, कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती.

धाकटीने बाह्या वर केल्या आणि पहिलं पातेलं भरून बाहेर ओतलं. दादाने बादली घेतली. बराच वेळ तिघंही आपापलं काम करत होते. काठावरची माणसं दिसू लागली; त्यांतलं कुणीतरी हात हलवत होतं.

“कुठली फळी?” मास्तरांनी विचारलं.

“तिसरी.” दादा मान वर न करता म्हणाला. “अकरा हात दिलेत, तीच.”

मास्तरांनी सुकाणू थोडं सरळ केलं.

“बारा,” ते म्हणाले. “परवा आणखी एक दिला.”