दोन घोट साधं पाणी

"चूक झाली तर आधी माझ्याकडे यायचं. दुसऱ्या कुणाकडून ती माझ्या कानावर येता कामा नये."

सेविका कामावर रुजू झाली त्या दिवशी वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या ताई हे हसत हसत बोलल्या होत्या. आता तोच आवाज डोक्यात घेऊन ती त्यांच्या दाराबाहेर उभी होती, आणि हात काही कडीपर्यंत जात नव्हता.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांना गिळायला त्रास होई. पाण्यात पूड कालवून, ते दाट करून, चमच्याचमच्याने द्यायचं. दुपारी त्यांनी तोंड फिरवलं होतं. "कपड्यांची खळ पाजतेस होय गं? मग इस्त्रीही फिरव एकदाची." तिला हसू आलं, जीवही कळवळला. पेल्याने साधं पाणी दिलं. पहिला घोट उतरला, दुसरा श्वासनलिकेत गेला. ठसका थांबेना, ओठ निळे पडले. सिस्टर धावत आल्या म्हणून निभावलं.

"लाळ अडकली असेल," सिस्टर म्हणाल्या. ही गप्प राहिली. पेला विसळून पालथा घातला.

पण आजोबांच्या छातीतली घरघर इथवर ऐकू येत होती. आणि आधीच्या नोकरीत याहून लहानशा चुकीसाठी एकीला सगळ्यांदेखत बाहेर काढलेलं तिने पाहिलं होतं.

दार आतूनच उघडलं.

"अगं, भुतासारखी काय उभी?"

"ताई, लाळ नव्हती ती. मी साधं पाणी दिलं."

ताईंनी दाराची चौकट धरली. मग आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. पाणी छातीत गेलंय, लगेच निघा, एवढंच बोलल्या.

"जोडीला कोण होतं तुझ्या?"

"कुणी नाही. जोडीच्या सेविकेला तुम्हीच वरच्या मजल्यावर पाठवलंत."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"हो," ताई म्हणाल्या. "मीच पाठवलं."

खाली फाटक करकरलं. ठसक्याचं कळून आजोबांची लेक आली होती. "बाबांजवळ कोण होतं?" तिचा चढलेला आवाज जिन्यातून वर आला.

"मला काढाल ना, ताई?"

"ते विश्वस्त ठरवतील. तुझंही, माझंही. आत्ता आजोबांजवळ जा. उशाकडून उंच ठेव, हात धरून बस."

"मीच? परत?"

"आज तुझ्याइतकं जपून त्यांना कुणी धरणार नाही."

"आणि त्यांच्या लेकीला?"

"मी सांगते. काही न लपवता. पण तुला एकटीला पुढे करणार नाही, हा माझा शब्द."

ताईंनी चष्मा उचलला. तो बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, तर एक काडी कानामागे बसेना. सेविकेने पुढे होऊन ती नीट बसवली.

मग ताई वळल्या आणि कठडा घट्ट धरून, एकेक पायरी चाचपत, त्या आवाजाकडे उतरू लागल्या.