बुडालेल्या बांधाचा तह

पळसदेवच्या फकीर मुलाणींचं भांडण वर्षातले दहा महिने पाण्याखाली असायचं.

उजनीचं धरण झालं तेव्हा जुनं गाव, देऊळ आणि सारं शिवार बुडालं. त्यात फकीरचाचांचं तीन एकर रान गेलं, आणि त्याला लागून असलेलं आबासाहेब शेलारांचं चार एकरही गेलं. सरकारनं दोघांना मोबदला दिला. आबासाहेबांना अंथुर्ण्याकडं जमीन मिळाली, चाचा नव्या पळसदेवात राहिले, आणि सातबाऱ्यावरून दोघांचीही नावं उडाली. पण दोन्ही रानांमधला दगडी बांध आबासाहेबांच्या वडिलांनी धरणाआधी चाचांच्या रानात दीड हात सरकवला होता. धरण बांधलं की असलं प्रकरण मिटतं, असं ज्याला वाटतं त्यानं बांधाचं भांडण जवळून पाहिलेलं नाही.

दर उन्हाळ्यात पाणी उतरायचं. आधी देवळाचं शिखर वर यायचं, मग पडक्या भिंती, आणि मे महिन्यात कधीतरी चिखलातून बांधाचे दगड डोकं काढायचे. दुसऱ्या दिवशी आबासाहेब एसटीनं हजर. बांधाच्या अलीकडं चाचा, पलीकडं आबासाहेब. दहापासून एकपर्यंत एकमेकांच्या बापाचा उद्धार व्हायचा. एक वाजता चाचांच्या बायकोनं, खतिजाबीनं पाठवलेली भाकरी आणि सुकटीची चटणी दोघं एकाच भिंतीच्या सावलीला बसून खायचे, जरा लवंडायचे, आणि चार वाजता पुन्हा बांध मोजायचा टेप काढायचे. पाऊस लागून पाणी चढलं की आबासाहेब अंथुर्ण्याला परत. गेली पंचेचाळीस वर्षं हे असं चाललं होतं. चाचांकडं आबासाहेबांचा फोन नंबरसुद्धा नव्हता. पाणी उतरलं की माणूस यायचा, नंबर हवा कशाला?

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना गावात शांतता आली, ती राजवर्धनमुळं. राजवर्धन म्हणजे गावचा सरपंच, वय बत्तीस, अंगात उत्साह इतका की घरच्यांनाही त्याची धास्ती. परदेशातली कुठलीशी संस्था जगभरातून शंभर शांत गावं निवडणार होती. निवडलेल्या गावाला रस्त्यावर लावायला फलक मिळणार आणि सौर दिवे मिळणार. राजवर्धननं अर्ज मागवला. अर्ज आला अकरा पानांचा, सगळा इंग्रजीत. मग बारामतीत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाईंना जळोचीहून गाडी पाठवून आणण्यात आलं, आणि ग्रामपंचायतीत जुनीजाणती माणसं जमा झाली. चाचा चहा असतो म्हणून गेले होते.

प्रमोदिनीबाईंनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"यात पीस हा एकच शब्द सात रकान्यांत आलाय," त्या म्हणाल्या. "आणि सातही ठिकाणी तो निराळं काहीतरी मागतोय."

"पीस म्हंजे शांतता, एवढं आमालाबी कळतंय, मॅडम," राजवर्धन म्हणाला.

"तेवढ्यावर पहिला रकाना भरेल. पुढचे सहा राहतील."

पहिल्या रकान्यात लढाई नसल्याचं लिहायचं होतं. पळसदेवनं आजवर कुणावर स्वारी केलेली नाही, हे एकमतानं लिहिलं गेलं. दुसऱ्यात गलका नसणं. त्यासाठी गिरणी रोज दुपारी दोन तास बंद ठेवायचं ठरलं, आणि लीलाबाईंच्या कोंबड्याला नोटीस काढावी की लीलाबाईंना, यावर पाऊण तास चर्चा झाली. पोलीसपाटलांनी कायदा-सुव्यवस्थेचा रकाना स्वतःच्या सहीनं भरला. मनाची शांती लाभलेल्या पाच ग्रामस्थांची नावं मात्र निघता निघेनात. शोधून शोधून तीन सापडली, त्यातली दोन पुण्याला नोकरीला होती.

"हा मेलेल्यांचा," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत माणूस गेला की त्याला शांतता मिळो असं म्हणतात. तुमच्याकडच्यांना मिळाली का, असं विचारलंय."

"आमचं कब्रस्तान पाण्यात गेलं, त्येंची मसणवट बी पाण्यात गेली," चाचा म्हणाले. "पंचेचाळीस वर्सात कुणाची तक्रार आली न्हाय. लिवा, मिळाली म्हणून."

सहावा रकाना गप्प राहण्याचा होता. बाईंनी सांगितलं, की साहेबलोकांच्या लग्नात पाद्री विचारतो, कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला, नाहीतर जन्मभर पीस धरून बसा. आपल्याकडं हे काम नवऱ्याचा मामा रुसून करतो, असं कुणीतरी म्हणालं. राजवर्धननं तिथल्या तिथं विचारलं, या अर्जाला कुणाची हरकत हाय का? प्रश्न नीट न समजल्यामुळं कुणीच बोललं नाही आणि रकाना भरला.

उरला सातवा. बाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं. "हा तहाचा. दोन पक्षांत भांडण होतं आणि ते मिटलं, असा पुरावा द्यायचा. दोघांची नावं, सह्या आणि हात मिळवतानाचा फोटो. शिवाय मे महिन्यात त्यांची माणसं जागेवर येऊन बघणार आहेत."

गावात भांडणं नव्हती असं नाही. पण पाइपलाइनची, भाऊबंदकीची, गुऱ्हाळाची, सगळी चालू होती आणि मिटण्याच्या बेतात एकही नव्हतं. राजवर्धनची नजर हळूहळू फिरत चहाच्या कपाशी येऊन थांबली. चाचांनी कप खाली ठेवला.

"आमचा तंटा कुणाच्या आड येत न्हाय," ते म्हणाले. "उगं त्याला हात लावू नका."

पण गाव हात धुऊन मागं लागलं. मशिदीतून बाहेर पडताना लोक दिव्यांचा विषय काढत. खतिजाबी म्हणाली, "करून टाका सही. रान तरी कुठं हाय आता?" चाचांनी आठवडाभर विचार केला आणि त्यांना एक गमतीचा मार्ग सापडला. आपण बेलाशक सही करायची. आबा शेलार आडमुठा, तो मेला तरी सही करणार नाही. म्हणजे गावाची वाट त्यानं लावली असं होईल आणि मे महिन्यात त्याला सुनवायला आणखी एक मुद्दा मिळेल. या कल्पनेवर ते इतके खूश झाले की राजवर्धन कागद घेऊन आला तेव्हा त्याच्याच पेनानं त्यांनी झोकात सही ठोकली.

"पर आब्या करणार न्हाय," ते म्हणाले. "लिवून ठेव."

"त्येंनी सकाळीच केली, चाचा," राजवर्धननं दुसरी प्रत काढली. "तुमच्यासारखंच म्हनलं. फकिऱ्या करणार न्हाय, लिवून ठेव."

पंचेचाळीस वर्षं माणसं एकमेकांशी भांडली की त्यांची बुद्धीही एकाच वाटेनं चालायला लागते, आणि ती दोघांनाही एकाच खड्ड्यात नेते. तह झाला. इंदापूरला तहसील कचेरीबाहेर नोटरीच्या टेबलापाशी दोघांना हात मिळवायला लावले. एकमेकांचा हात त्यांनी आजवर धरलाच नव्हता, त्यामुळं तो कसा धरावा हेही कळेना. फोटोत दोघं वजनकाट्यावर चढल्यासारखे ताठ उभे आहेत.

"बरंय," आबासाहेब म्हणाले.

"बरंय," चाचा म्हणाले.

स्टँपपेपरवर असं लिहिलं होतं, की उभय पक्षांस बांध आहे त्या जागी मान्य आहे, त्या बांधावरून ते यापुढे वाद करणार नाहीत, व त्या कारणासाठी पाच वर्षं तिथं जाणारही नाहीत. पाच वर्षं हा आकडा राजवर्धनला गोल वाटला म्हणून घातला होता. चाचा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि आबासाहेब शहात्तरचे.

पाणी उतरू लागलं. शिखर दिसलं, भिंती दिसल्या. चाचा घरात बसून शांतता भोगू लागले. पहिल्या दिवशी ते टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडले, दुसऱ्या दिवशी शेळीशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी खतिजाबीला सांगितलं, की तुझ्या माहेरच्यांनी चौसष्ट सालापासून मला फसवलंय.

"आपलं लगीन शहात्तरला झालं," खतिजाबी म्हणाली.

"त्याच्या आधीपासून," चाचा म्हणाले.

तिनं हातातलं पीठ झटकलं आणि त्यांच्यासमोर बसली. "अवो, आठवण येतीया तर तसं सांगा की. माझ्या बापाला कशाला उकरता?"

चाचा उठून शेळीला चारा टाकायला गेले. पण आठवण येत होती, हे खरं होतं. इंदापूरला हात धरला तेव्हा तो किती हलका लागला होता, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. गेल्या वर्षी हाच माणूस दोन तास एका दमात शिव्या द्यायचा, आणि तिथं 'बरंय' म्हणताना त्याला दम लागला होता. पाच वर्षांनी बांधाच्या पलीकडं कुणी नसेल. मग दीड हात जागा आपलीच होती हे सिद्ध करून सांगायचं कुणाला?

त्यांनी स्टँपपेपरची प्रत काढली आणि चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचली. बांध आहे त्या जागी मान्य आहे. चाचा बराच वेळ त्या ओळीवर थांबले. म्हणजे बांध त्या जागी नसला, तर हा तह त्या बांधाचा उरतच नाही. भांडण नवं, कोरं करकरीत, आणि त्याला कुणाचीही सही नाही.

परदेशी पाहुणे यायचे त्याच दिवशी, उजाडता उजाडता, चाचा पहार आणि कुदळ घेऊन निघाले. गाळ वाळून भेगाळला होता. आबाच्या बाजूला हातभर तरी सरकवू, असा त्यांचा हिशेब होता. पंचेचाळीस वर्षं शेलारांच्या चोरीबद्दल बोंब मारलेला माणूस आज स्वतः चोरी करायला चालला होता, आणि त्याची पावलं पोरासारखी पडत होती.

बांधापाशी येऊन ते थबकले. बांध जागेवर नव्हता.

अकरा दगड उखडलेले होते. त्यांच्या जुन्या जागी ओले खड्डे होते, आणि दगड चाचांच्या रानात चांगले दोन हात आत रांगेनं मांडलेले होते. शेवटचा एक अर्ध्या वाटेवर पडला होता. त्याला टेकून आबासाहेब बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि धापा टाकत होते.

चाचांच्या हातातली पहार खाली आली. त्यांना मनापासून आनंद झाला.

"ह्यो बांध कुणी सरकावला?"

"मी," आबासाहेब म्हणाले. "काय करशील?"

"चोराच्या पोटी चोर. बापानं दीड हात खाल्ला, तू दोन खातोस?"

"तुझ्या रानाला धनी असता तर खाल्ला असता का? चार रोज झालं पाणी उतरून, आन तू घरात बसलास बायकोच्या पदराखाली."

मग जे सुटलं, ते गावातल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं. वर्षभराचं साठलेलं होतं. नऊ वाजता राजवर्धन, प्रमोदिनीबाई आणि परदेशातून आलेल्या एक गोऱ्या बाई तहाची जागा बघायला उतरले, तेव्हा दोन्ही पक्ष एकाच टेपची दोन टोकं धरून एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचले होते. राजवर्धन मटकन दगडावर बसला. तो दगड सरकवलेला असल्यामुळं दोघंही त्याच्यावर ओरडले आणि त्याला उठावं लागलं.

गोऱ्या बाईंनी वही काढून काहीतरी विचारलं. प्रमोदिनीबाई चिखलातून जपून जवळ आल्या.

"चाचा, या विचारतायत, ही सातांपैकी कितवी शांतता?"

"आठवी लिवा," चाचा टेप न सोडता म्हणाले. "आन बाजूला व्हा मॅडम, तुमी हद्दीवर उभ्या हाय."

प्रमोदिनीबाईंनी ते इंग्रजीत बरंच लांबवून सांगितलं. गोऱ्या बाई लिहीत राहिल्या. दिवे गेले ते गेलेच, हे राजवर्धनला त्यांच्या लिहिण्यावरूनच कळलं, आणि तो पाहुण्यांना घेऊन वर निघून गेला.

ऊन वाढलं. आबासाहेबांचा आवाज आधी बसला, मग तेही बसले. छातीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. चाचा टेप गुंडाळत त्यांच्याजवळ आले.

"आब्या."

"हं."

"मी आजच्या आज इंदापूरला जातो. नवी केस टाकतो तुझ्यावर."

"टाक की. रान सरकारचं हाय, कोण घील?"

"घेत्याल न्हायतर न्हाय घेणार. मी टाकत राहीन. तारखा पडत्याल." चाचांनी आवाज चढवूनच ठेवला. "पाच वर्सं पडत्याल, धा वर्सं पडत्याल. एकबी तारीख चुकवायची न्हाय. ऐकतोस का? मेलास तरी सुटका न्हाय, वॉरंट काढीन."

आबासाहेबांनी डोळे उघडले आणि चाचांकडं बघितलं.

"येतो," ते म्हणाले. "पर जवळची तारीख घे."