रानातली चंडिका

उपेंद्र हेरेकरांच्या ज्या फोटोला मुंबईच्या प्रदर्शनात चांदीचं पदक मिळालं आणि जो तिथल्या वर्तमानपत्रातही छापून आला, त्यात नंदगडजवळच्या एका खेड्यातली मालुबाई विळा उगारून उभी होती. पदर खांद्यावरून ढळलेला, केस सुटलेले, दात विचकलेले. खाली नाव दिलं होतं, 'रानातली चंडिका'. बेळगावात खडेबाजारातल्या आपल्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत हेरेकरांनी तो मोठा करून लावला आणि शेजारी मखमलीवर पदक ठेवलं. वकील, मास्तर, कचेरीतले कारकून येताजाता थांबायचे.

"काय आवेश पकडलाय, हेरेकर!"

विळा कुणावर उगारला होता, हे मात्र हेरेकर कुणाला सांगत नसत.

सुगीच्या दिवसांत ते गव्यांचे फोटो काढायला त्या गावात गेले होते. मालुबाईच्या हातची भाकरी खाऊन तिच्या नवऱ्याबरोबर, ज्योतिबाबरोबर, रानात शिरले. ज्योतिबाचा धाकटा भाऊ रवळूही सोबत होता. गवा सापडला, पण करवंदीच्या जाळीत, सावलीला. हेरेकरांना तो उन्हात हवा होता.

"मागनं जाऊन जरा हुसकव की," ते म्हणाले.

"येकटा गवा हाय, सायेब. त्येच्या वाटंला जाऊ ने."

"काही होत नाही. मी आहे ना इथं!"

पाहुण्याचा शब्द म्हणून ज्योतिबा गेला. गवा उन्हात आलाच नाही. जागच्या जागी फिरला आणि ज्योतिबाला त्यानं शिंगावर घेतलं.

बाजल्यावर घालून त्याला घरी आणलं तेव्हा थोडी धुगधुगी होती. अंगणात बाजलं टेकलं आणि तीही गेली. मालुबाई भाताच्या कापणीवरून तशीच धावत आली होती, विळा हातातच. रवळूनं रडत रडत सगळं सांगितलं. तिनं मान वर केली तर हेरेकर कुडाशी उभे होते आणि कॅमेरा डोळ्याला लावत होते. ती विळा घेऊन त्यांच्या अंगावर गेली. बायकांनी तिला धरलं. हेरेकर दिवस मावळायच्या आत गाडी जुंपवून खानापूरला पळाले. फोटो मात्र निघाला होता.

पुढं शिमग्याच्या सुमाराला रवळू बेळगावच्या बाजाराला गेला आणि काळवंडल्या तोंडानं परत आला.

"वैनी, तुजा फोटू लावलाय बाजारात. मानसं हुबी ऱ्हाऊन बघत्यात."

"माजा? कसला?"

"इळा उगारलेला. आन् पदर..."

गावातले गडी कुऱ्हाडी घेऊन निघाले. मालुबाईनं त्यांना वेशीत अडवलं. "तुमी जेलात जाशीला आन् फोटू तितंच ऱ्हाईल. मीच जातो."

ती स्टुडिओच्या दारात दिसताच हेरेकरांनी तिला ओळखलं. ती म्हणाली, "ते काड."

"बाई, फोटो माझा आहे. मी काढलाय."

"तोंड माजं हाय."

"असं कर, चांगलं लुगडं नेसून ये. तुझा छान फोटो काढून देतो."

मालुबाई उंबऱ्यावर थुंकली. हेरेकरांनी गडी बोलावून तिला बाहेर ढकलायला लावलं. ती पायरीवर पडली आणि तिथंच बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "ह्यो इळा ह्येच्यावर उगारलता मी. का, ते इच्यारा ह्येला."

पहिल्या दिवशी लोक हसले. एक वकील म्हणाला, "अगं, मुंबईपर्यंत नाव झालं तुझं!" पण ती दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. रवळू शेजारी उभा राहायचा आणि कुणी विचारलं की ज्योतिबा कसा मेला ते सांगायचा. लग्नाचा फोटो काढायला आलेली जोडपी पायरीवरून माघारी फिरू लागली. कुणीतरी दर्शनी काचेवर शेण मारलं. हेरेकरांनी हवालदाराला बोलावलं. त्यानं रवळूचं सगळं ऐकून घेतलं, हेरेकरांकडे एकवार बघितलं आणि "रस्त्यावर बसायला बंदी न्हाय," म्हणून निघून गेला.

ही बोलवा अनगोळात, हेरेकरांच्या घरापर्यंत पोचली. त्यांच्या बायकोनं, वासंतीनं, जेवायला वाढताना विचारलं, "खरं का ते?"

"गवा काय मी अंगावर सोडला?"

"माणूस तर तुम्हीच पाठवलात ना?"

हेरेकर ताट सारून उठले. पुढच्या बाजाराला मालुबाई पायरीवर दिसताच त्यांनी कपाटातून फोटोची मूळ काच काढली आणि तिच्यापुढं धरली. "घे! हिच्यावरूनच सगळे फोटो निघतात. आता तरी तोंड काळं कर."

मालुबाईनं काच उजेडाकडं धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेलं. तिला आपलं तोंड सापडलं. मग तिच्या मागं, खालच्या कोपऱ्यात, बाजलं दिसलं आणि बाजल्यावर ज्योतिबा. दर्शनी फोटोत तो नव्हताच.

"ह्येला कुटं घालीवलासा?"

"तेवढा भाग कापला. चित्राला अडचण होत होती."

रवळू त्यांच्या अंगावर धावला. मालुबाईनं त्याला मागं ओढलं. काचेवरून तिची नजर हलत नव्हती. ज्योतिबाचं तोंड घरात कुठंच नव्हतं. फोटो काढण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"ह्येला काडून दे," ती म्हणाली. "येकट्याला. मी नगं त्यात."

पीडा टळेल म्हणून हेरेकर कबूल झाले. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली ती त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांनी काचेवरची तिची आकृती काळ्या कागदानं झाकली, नवऱ्याचा कोपरा तेवढा उघडा ठेवला. तबकातल्या औषधाच्या पाण्यात कागद हलवता हलवता आधी मुंडासं आलं, मग कपाळ, मग अर्धवट उघडे डोळे. मालुबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. हेरेकरांनी वळून बघितलं तशी ती म्हणाली, "माज्याकडं बघू नगंस."

ओला फोटो तिनं रवळूच्या हातात दिला. मग टेबलावरची काच उचलली आणि फरशीवर आपटली.

"अगं, ए! पदकाचा फोटो होता तो!"

"माजा दाल्ला मरून पडलता त्यात."

जाताना तिनं दर्शनी काचेतला फोटोही ओढून काढला, फाडून गटारात टाकला. बाजार बघत होता. हेरेकरांना कुणी साथ दिली नाही. कोर्टात जायचं त्यांनी मनात आणलं, पण त्यांच्या वकील मित्रानंच विचारलं, "तिथं ती बोलायला लागली तर?" वर्षाच्या आत त्यांनी दुकान निपाणीला हलवलं. तिथं तंबाखूच्या व्यापाऱ्यांचे फोटो काढत आणि विषय निघालाच तर सांगत, की बेळगावात एका वेड्या बाईनं आपलं नुकसान केलं.

मालुबाईनं ज्योतिबाचा फोटो घरातल्या भिंतीच्या देवळीत ठेवला. मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून गेलेलं आपलं तोंड परत आणता येत नाही, हे तिला कळत होतं. कुणी म्हणालं, "जाऊ दे गं आता, इसर," तर ती त्या माणसाच्या घरी पुन्हा पाऊल टाकत नसे.