दंडावरचे तीन दिवस

मी एक जांभळा खडा आहे. नीलम नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सगळा घोळ तेवढ्यावरूनच झाला.

चिखलीजवळ उकंडरावाच्या शेतात विहिरीचा सुरुंग उडाला आणि काळ्या खडकाच्या पोकळीतून मी बाहेर पडलो. त्या साली नागपूरचे भूगर्भखात्याचे साहेब हातोड्या घेऊन शिवारात हिंडत होते. इकडे रंगीत खड्यांच्या खाणी निघणार म्हणून लोक आपापले बांध उकरत होते. उकंडरावाने मला उन्हात धरलं आणि जाहीर केलं, "नीलम हाय! औंदा पेरनी बंद. आख्खं वावर खोदतो."

"अन् लेकरायनं खावं काय? खडे?" त्याच्या बायकोने, सोजराबाईने, विचारलं.

त्या एका वावरावर घर चालत होतं. पण मी चमकण्यात इतका दंग होतो, की तिच्याकडे लक्षच गेलं नाही.

नीलम लाभतो की बाधतो, हे पाहायला तो तीन दिवस दंडाला बांधून ठेवायची रीत. तसं मला बांधलं. पहिल्याच दिवशी हरवलेलं खुरपं सापडलं.

"पाह्य, लाभला!" उकंडराव म्हणाला. मीही फुगलो. खुरपं शेजारच्या मनकर्णाबाईने परत आणून दिलं होतं, ते सोयीस्करपणे विसरलो.

दुसऱ्या दिवशी म्हशीने दूध दिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"काऊन आटली वं?"

"मले काय इचारता? दंडाले इचारा."

दोन्ही दिवस पहाटे सोजराबाईनेच रेडकू म्हशीखाली प्यायला सोडलं होतं. उकंडराव घोरत होता, पण त्याचा दंड पांघरुणाबाहेर होता, म्हणून मला दिसलं. तरी खुरप्याचं श्रेय गुपचूप घेतलेल्याने म्हशीचा आळ कोणत्या तोंडाने नाकारावा?

"फेकून दे हा शनी!" उकंडरावाने मला सोडून तिच्या हातात दिलं आणि मृगावर मुकाट्याने ज्वारी पेरली.

सोजराबाईने मला फेकलं नाही. तिचा पाण्याचा रांजण डुगडुगत होता, त्याच्याखाली टेकू म्हणून सारलं. ज्वारी घरात आली त्या दिवशी पाणी घेताना ती वाकून म्हणाली, "लागला बाप्पा एकदाचा कामाले!"

हे कौतुक की टोमणा, ते मी अजून ठरवतो आहे. तोवर एवढंच मागणं: घरी आलात तर पाणी प्या, पण पाहायला म्हणून मला उपसू नका. रांजण लवंडला, तर पुन्हा माझ्यावरच आळ येईल.